तुमच्यात होत न्हाई

साहेबानं बोट दाखवलं ते माझ्याकडंच.

'ती मागची मुलगी वाचेल.'

शाळा तपासायला आलेले साहेब. मागच्या भिंतीला टेकून आमी मांगवाड्यातली लेकरं बसायचो. त्या दिवशी मी एकटीच होते. सरांनी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं, वाड्यातल्या पोरांनी उद्या घरीच राहायचं. माझ्या मायनं ते ऐकलं न्हाई. तिला वाटलं, साहेब येणार म्हणजे लेकरांना काही गोडधोड मिळंल. तिनं माझ्या डोक्याला तेल लावलं अन् पाठवून दिलं.

मी चौथीत होते. पुस्तक घेऊन उभी राहिले. डोळे चांगले होते माझे. बाभळीवरचा सरडा समद्यांच्या आधी मला दिसायचा. पण पुस्तकातलं अक्षर धरायला गेलं की ते दुसरंच व्हायचं. घ चा ध. म चा भ. वेलांटी या बाजूची त्या बाजूला. एका ओळीतून पाय घसरायचा अन् मी खालच्या ओळीत पडायचे.

'धर... घर... धरात...' मी म्हणलं. मग थांबले. वर्ग हसला.

सर पुढं आले. साहेबाला म्हणाले, 'ही मांगवाड्यातली, साहेब. हिच्या घरी फडे बांधतात.'

दाराच्या मागं वर्ग झाडायचा फडा होता. शिंदीच्या पानांचा, माझ्याच बापानं बांधलेला. सरांनी तो आणला. माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं अन् फडा दिला.

'हा तरी सरळ धरता येतो ना?'

साहेब हसले. मला वाटलं होतं साहेब हसणार न्हाईत. ते शहरातले होते, त्यांचे बूट चकचकीत होते. मग ते पुढच्या मुलाकडं वळले. मला कुणी बस म्हणलं न्हाई. मी तशीच उभी. जरा वेळानं सर हळूच म्हणाले, 'उभी काय राहिलीस, झाड की.'

मी वर्ग झाडला. पोरांनी पाय वर उचलले. समोर पाढे चालू होते. कुणी थांबलं न्हाई.

घरी जाऊन मी मायला सांगितलं, गोड काही मिळालं न्हाई. बाकीचं सांगितलं न्हाई.

शाळा संस्थेची होती. संस्था सरांच्या घरची. केळीची, हळदीची मोठी शेती, गावात दोन मजली घर. सरांचा मुलगा विशाल माझ्याच वर्गात होता, पहिल्या रांगेत. अन् विशालला वाचता येत न्हवतं.

हे वर्गात मला एकटीला माहीत होतं. कारण त्याचं बराबर माझ्यासारखं चुकायचं. त्याच्या पाटीवरबी घ चा ध. त्याचीबी वेलांटी उलटी. वाचायला उभा राहिला की तोबी चित्राकडं बघून अंदाजानं बोलायचा, मीबी तसंच करायचे. मी चुकले की सर माझ्या बोटांच्या पेरांवर पट्टी मारायचे, उभी धरून. विशाल चुकला की त्याची पाटी स्वतःच्या रुमालानं पुसायचे. 'सावकाश, बेटा. परत लिही.'

मग विशाल काही दिवस शाळेत आला न्हाई. त्याला मोठ्या शहरात कुठल्याशा डॉक्टरला दाखवायला नेलं होतं. तो परत आला तेव्हा सर वर्गाबाहेर दुसऱ्या मास्तरांशी बोलत होते. मी व्हरांडा झाडत होते. साहेब येऊन गेल्यापासून ते काम माझंच झालं होतं.

सर म्हणत होते, 'पोरगा हुशार आहे हो. डॉक्टर म्हणाले, बुद्धी चांगलीये. पण त्याला अक्षरं फिरल्यासारखी होतात. तो आजार असतो. त्याला मारायचं नाही, हसायचं नाही. परीक्षेत लिहायला माणूस मिळतो.'

माझा हात थांबला. अक्षरं फिरतात. मला वाटलं होतं, हे माझं एकटीचं पाप हाय. त्याला नाव होतं. त्याला डॉक्टर होता.

मी फडा खाली ठेवला अन् सरांपुढं जाऊन उभी राहिले. लई दिवसांत मला एवढा आनंद झाला न्हवता. म्हणलं, 'सर, माझीबी अक्षरं फिरतात.'

सरांनी माझ्या कानाखाली मारली. जोरात न्हाई. डास मारतात तशी.

'तो आजार तुमच्यात होत नाही,' सर म्हणाले. 'तुमचं मूळच तसं असतं.'

दुसरे मास्तर मान खाली घालून चष्मा पुसत राहिले.

पाचवीत मी नापास झाले. परत नापास झाले. बापानं शाळेतून काढलं. तो रागावला न्हाई. म्हणाला, 'आपल्याला न्हाई जमत ते. बस माझ्यापाशी.' मी शिंदीची पानं चिरायला बसले. विशाल दहावी झाला, बारावी झाला, पुढं पदवी घेतली. त्याचे पेपर दुसऱ्या माणसानं लिहिले ते गावात कुणाला माहीत न्हवतं. सरांना अन् त्या दुसऱ्या मास्तरांना माहीत होतं. मला माहीत होतं.

लग्न झालं. औंढ्याकडं सासर. न वाचता जगायच्या समद्या चाली मी शिकले. दुकानाची पाटी रंगावरून. गोळ्या पाकिटाच्या आकारावरून. बचत गटाच्या बायांनी मला अध्यक्ष करायचं ठरवलं, मी म्हणलं, 'मला डोळ्याची तकलीफ हाय, चष्मा लागंल.' चष्मा मी कधी लावलाच न्हाई. एकदा लेकराला ताप होता, हिंगोलीच्या दवाखान्यात न्यायचं होतं. स्टँडवर पाटी बघून चढले ती गाडी भलतीकडंच निघाली. कंडक्टर म्हणाला, 'एवढी मोठी पाटी दिसली नाही? आंधळी आहेस का?' गाडीतले लोक वळून बघायला लागले. मी म्हणलं, 'व्हय, आंधळी हाय.' ते सोपं होतं. आंधळ्या माणसाला लोक जागा तरी देतात. अडाण्याला फाट्यावर उतरवून देतात. मला फाट्यावरच उतरवलं, तापलेल्या लेकरासकट.

पुढं बाप गेला, मायला दिसेनासं झालं. तिचं करायला कुणी न्हवतं म्हणून मी अन् नवरा माझ्या माहेरीच राहायला आलो. नवरा हळद शिजवायच्या कढईवर लागला. मी हळकुंडं निवडायला जायचे. शेत, कढई, वाळवायचं मैदान, समदं त्याच घरचं. सर आता म्हातारे झालेले. कारभार विशालकडं. तो संस्थेचा सचिव. गाव त्याला दादा म्हणतं. मीबी म्हणायला लागले.

माझी पायल त्याच शाळेत गेली. दुसरी शाळा लांब होती.

पायल तिसरीत असताना पालकांना बोलावलं. मी हात घासूघासू धुतले, तरी नखातली हळद निघाली न्हाई. मॅडमनं समद्या आयांपुढं पायलला उभं केलं. पोरगी नवी होती, मॅडम म्हणजे. ओठाला लाली, बोलणं गोड.

'वाच बेटा, आईला ऐकू दे.'

पायलनं वाचलं, 'भगर पाण्यात राहते.'

पुस्तकात मगरीचं चित्र होतं. बाया हसल्या. कुणीतरी म्हणलं, 'उपासाची भगर व्हय ग?' परत हसल्या. मॅडम मला म्हणाल्या, 'तुम्ही घरी अभ्यास घेत नाही. मुलीचं लक्षच नसतं. तसा तुमच्याकडे अभ्यासाचा विषयच नसतो म्हणा, पण निदान लवकर झोपवत तरी जा.'

मी पायलकडं बघितलं. ती हसत होती. लोकांच्या बरोबरीनं स्वतःवरच हसत होती. माझं रडू तेव्हा आत जायचं. ही माझ्या पुढची विद्या शिकली होती.

मी तिची वही मागून घेतली. घ चा ध. म चा भ. वेलांटी उलटी. वहीत माझं बालपण पडलेलं होतं.

मी म्हणलं, 'मॅडम, हिची अक्षरं फिरत असतील. तो एक आजार असतो.'

'कुठं पाहिलं? मोबाईलवर?'

'न्हाई. याच शाळेत.'

त्यांना कळलं न्हाई. त्या पुढच्या बाईकडं वळल्या.

हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात लेकरांची अशी तपासणी होते, हे मला गावात औषधं वाटणाऱ्या आशाताईनं सांगितलं. तिथल्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, 'काय होतंय मुलीला?' मी म्हणलं, 'वाचता येत न्हाई.' तो बाजूच्याला म्हणाला, 'घ्या, आता ढ पोरांचीपण ओपीडी काढा.' मी ऐकलं. हालले न्हाई. माझ्या मागं एक बुरखेवाली बाई पोराला घेऊन उभी होती. पोरगं सारखं कानावर हात ठेवून डोलत होतं. ती म्हणाली, 'हटना मत, बहन. ये लोग पहले दिन सबको वापस भेजते हैं.' मी हटले न्हाई.

आधी पायलचे डोळे बघितले, कान बघितले. ठीक होते. मग मोठ्या शहरातल्या दवाखान्यात पाठवलं. गेलो. तिथं तपासणाऱ्या ताई होत्या. बोलायला कोरड्या. थकलेल्या दिसायच्या. त्यांनी पायलला ठोकळे जुळवायला दिले. गोष्ट सांगितली अन् परत सांगायला लावली. पायलनं गोष्ट सांगितली ती ताईंच्यापेक्षा चांगली. तोंडी हिशेब पटापट केले. मग ताईंनी वाचायला असे शब्द दिले ज्यांना अर्थच न्हाई. लापुम. तिघव. चित्र न्हाई, अंदाज न्हाई, नुसतं अक्षर. पायल तिथं अडली. कपाळाला घाम आला. हसणं गेलं. पहिल्यांदा ती लोकांदेखत हसायचं विसरली अन् रडली.

ताईंनी विचारलं, 'घरात आणखी कुणाला असं होतं?'

मला.

एवढाच शब्द. इतकी वर्षं तो कुणी मागितलाच न्हवता.

परत बोलावलं, परत गेलो. मग ताईंनी सांगितलं. अध्ययन अक्षमता. वाचनाची. डिस्लेक्सिया म्हणतात. बुद्धी चांगली हाय, चांगल्यातली चांगली. मेंदूची घडण वेगळी. मारून जात न्हाई, लाडानं जात न्हाई. शिकवायची रीत बदलावी लागते. परीक्षेत जास्त वेळ मिळतो, प्रश्न वाचून दाखवायला माणूस मिळतो. तो तिचा हक्क हाय.

मी म्हणलं, 'ताई, आता माझं बघा.'

'तुमचं?' त्यांनी घड्याळाकडं बघितलं. 'तुमचं आता कशाला? शिक्षण नाही, नोकरी नाही. तुम्हाला त्याचा फायदा काय?'

'फायदा नगं. मला काय हाय ते सांगा.'

'बाहेर मुलं थांबलीत, बाई.'

'मीबी थांबलेय,' मी म्हणलं. 'त्यांच्या आधीपासून.'

ताई म्हणाल्या, दुपारनंतर या. पायलला केळं खायला दिलं अन् आमी जिन्यात बसलो. दुपारनंतर त्यांनी मला बोलावलं. मोठ्या माणसाचं सोपं नसतं, म्हणाल्या. शाळाच नीट मिळाली नसंल तर वाचता न येणं वेगळं, अन् हे वेगळं. म्हणून त्यांनी खोदूखोदू विचारलं. बोलायला कधी लागले, शाळेत किती गेले, काय चुकायचं, हिशेब कसा करते. तेच बिनअर्थाचे शब्द माझ्यापुढं ठेवले. मी बोटं पदरात लपवली. बाई हाय, लेकराची माय हाय, अन् मी पट्टीची वाट बघत होते.

पट्टी आली न्हाई.

ताई म्हणाल्या, 'तुमची अडचण जन्माची आहे. मुलीसारखीच. आणि तुम्हाला शिकवलंही नाही. दोन्ही खरं आहे.'

मी रडेन असं त्यांना वाटलं असंल. पाण्याची बाटली पुढं सारली. मला रडू आलं न्हाई. राग आला. माझ्यात ते होतं. सरांच्या पोराला होतं तेच, तेवढंच. एकाच वर्गात, एकाच वर्षी. त्याला डॉक्टर दिला. मला जात दिली. अन् मी ती घेऊन आजवर मान खाली घालून चालले. बाप मरेपर्यंत म्हणत राहिला, आपल्याला न्हाई जमत. तो तसाच मेला. त्याला सांगायला मी पोचले न्हाई.

शाळेत गेले. सचिवाच्या खोलीत विशालदादा, बाजूला कारकून, मॅडम, अन् दोन गावकरी चहा पीत बसलेले. मी दवाखान्याचा कागद पुढं ठेवला. म्हणलं, 'पायलला जास्त वेळ द्या. प्रश्न वाचून दाखवायला माणूस द्या.'

दादानं कागद हातात घेतला. बघितल्यासारखं केलं. मग कारकुनाकडं सरकवला. 'वाच.'

कारकुनानं मोठ्यानं वाचलं. माझ्या लेकराचं समदं गावकऱ्यांपुढं वाचलं.

दादा म्हणाला, 'सवलती कमी पडल्या का तुम्हाला? जातीच्या खाऊन झाल्या, आता डोक्याच्या पाहिजेत?'

गावकरी हसले. मॅडम खाली बघायला लागल्या.

दादा म्हणाला, 'हे शहरातले लाड. आपल्याकडं असलं काही नसतं. पोरगी ढ आहे, ढ म्हणा. सातवीपर्यंत ढकलू. नंतर आहेच की हळद.'

मी त्याच्या डोळ्यांकडं बघत होते. कागद हातात होता तेव्हा ते एकाच ओळीवर अडकले होते. ते अडकणं मला माझ्या डोळ्यांइतकं माहीत होतं. गेली कित्येक वर्षं हा माणूस समद्यांना 'वाच' म्हणून जगत होता. मी चष्म्याचं खोटं बोलायचे, तो खुर्चीचं.

'दादा,' मी म्हणलं, 'तुमी सोता वाचलं न्हाई.'

कारकुनानं कागद खाली ठेवला.

'कारकुनाला काहून वाचायला लावलं ते मला माहीत हाय. तुमची पाटी अन् माझी पाटी सारखीच चुकायची. तुमाला डॉक्टरकडं नेलं. परीक्षेत लिहायला माणूस दिला. बराबर केलं. मला त्याचा राग न्हाई. तुमाला जे दिलं ते माझ्या लेकराला द्या.'

दादानं वर बघितलं. क्षणभर मला तो पहिल्या रांगेतला पोरगा दिसला. मला वाटलं, हा आता व्हय म्हणंल. त्याला तर कळायला पाहिजे. या गावात त्याच्याएवढं कुणाला कळणार होतं?

'मला कधी काही नव्हतं,' तो म्हणाला. 'बाहेर काढा हिला.'

शिपायानं दंड धरला. मी म्हणलं, 'हात सोड. मी जाते. पण तो कागद तुमच्याकडंच राहू द्या दादा, माझ्याकडं दुसरा हाय. कुणाकडून तरी परत वाचून घ्या. तुमच्या कामाचा हाय.'

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला कढईवरून काढलं. मलाबी हळकुंडं निवडायला कुणी बोलावलं न्हाई, त्या घरी न्हाई अन् दुसऱ्या घरीबी न्हाई. शाळेत मॅडमनं पायलला एकटीला कोपऱ्यात बसवलं. पोरांना सांगितलं, 'तिच्या डोक्यात आजार आहे, तिला त्रास देऊ नका.' त्या दिवसापासून पोरं तिला आजारी म्हणतात. तिची पाण्याची बाटली कुणी धरत न्हाई. ती घरी आली अन् मला म्हणाली, 'माय, ढ म्हणत होते तेच बरं होतं.'

वाड्यातल्या बाया मला म्हणाल्या, 'काहून त्यांच्या नादी लागती? पोटावर पाय आणला ना.' सरांनीबी निरोप पाठवला. म्हातारा आता अंथरुणावर हाय. निरोप एवढाच, विशालचं नाव परत तोंडातून काढलं तर राहतं घर सोडावं लागंल, जागा त्यांची हाय.

नवरा दोन दिवस काम शोधत हिंडला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, 'कागद कुठं ठेवला?' मी दाखवला. त्यानं तो पिशवीत घातला. 'हिंगोलीला चल,' म्हणाला. शिक्षणाच्या हापिसात आमी अर्ज दिला. तिथला माणूस म्हणाला, बघू. परत गेलो, परत बघू म्हणाला. आता तो आमाला बघून खुर्चीतून उठून जातो. आमी त्याच्या रिकाम्या खुर्चीपुढं बसून राहतो.

पायलला परीक्षेत माणूस अजून मिळालेला न्हाई. या वर्षीबी ती नापासासारखीच पुढं ढकलली जाईल. हे मी लपवत न्हाई. काही जिंकले असं सांगायला मी हे सांगत न्हाई. हे मी फोनला बोलून राहिले, तो लिहून राहिलाय. चुकलं असंल तर मला दिसणार न्हाई. चुकू द्या.

पण शाळेतून मला बाहेर काढलं त्या दिवसापासून मी वाड्यातल्या घराघरांत जाऊन लेकरांच्या वह्या बघते. मला वाचता येत न्हाई, पण चूक ओळखता येते. कोणतं लेकरू उलटं लिहितं, कोणतं बोलायला उशिरा लागलं, कोणतं एका जागी क्षणभर बसत न्हाई, कोणतं नजरेला नजर देत न्हाई. आजार हाय की न्हाई ते डॉक्टर ठरवतील. मी दारापर्यंत नेते. बाया आधी दार लावायच्या. आता दोघीतिघी येतात. सोमवारी परत हिंगोलीच्या दवाखान्यात जायचंय. गाडीची पाटी मला वाचता येत न्हाई, मी कंडक्टरला विचारते. मोठ्यानं. समद्यांदेखत. सांगते, मला वाचायची अक्षमता हाय, ही गाडी कुठं जाते ते सांगा.

अन् सुट्टी संपून शाळा उघडली की माझ्या पायलजवळ, तिच्या कोपऱ्यात, मी बसणार. शिपाई आला तर येऊ द्या. घर सोडायला लावलं तर शाळेच्या व्हरांड्यात चूल मांडीन. प्रश्न वाचून दाखवणारा माणूस त्या खोलीत येईपर्यंत मी उठणार न्हाई.